छायाचित्र वाचायला शिकवताना

दृश्यसाक्षरता म्हणजे चित्र, छायाचित्र, नकाशा, जाहिरात अशा गोष्टी पाहून त्यांतला अर्थ काढता येणे, तो कशावरून काढला हे सांगता येणे आणि स्वतःचे म्हणणे दृश्यातून मांडता येणे. ही संकल्पना या नावाने रूढ केली ती अमेरिकेतल्या जॉन डेब्ज यांनी, १९६९मध्ये. शाळेत मात्र या तीन गोष्टींपैकी तिसरीचाच गाजावाजा अधिक होतो. छायाचित्रणाची स्पर्धा भरते, मुलांच्या हाती मोबाइल येतो, सूर्यास्त आणि जास्वंदीचे ढीगभर फोटो जमतात, तीन बक्षिसे दिली की उपक्रम संपतो. फोटो काढणे आजच्या मुलांना शिकवावे लागत नाही. काढलेल्या फोटोत काय आहे, काय नाही आणि का नाही, हे शिकवावे लागते. म्हणून या अध्यापनाची सुरुवात छापील छायाचित्रापासून करावी आणि कॅमेरा नंतर आणावा. पुढे सांगितलेले उपक्रम साधारण पाचवी ते नववीच्या वर्गांसाठी आहेत. लहान वर्गांत त्यांतले सोपे भाग घेता येतात.

पाहणे आणि वाटणे

छायाचित्रावर वर्गात बोलण्याची एक साधी रीत अमेरिकेत अबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी घडवली. हाउसन मानसशास्त्रज्ञ, तर येनावाइन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या पद्धतीत शिक्षक तीनच प्रश्न विचारतो. या चित्रात काय चालले आहे? तुला असे कशावरून वाटते? आणखी काय दिसते? उत्तर बरोबर की चूक हे शिक्षक सांगत नाही. मुलाने सांगितलेला तपशील चित्रात बोटाने दाखवतो, त्याचे म्हणणे वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. या तिन्हींत खरा कस दुसऱ्या प्रश्नाचा लागतो. तो विचारला नाही, तर उरतात त्या नुसत्या गप्पा.

अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६मध्ये पुण्यात काढलेले गांधीजींचे छायाचित्र या कामी फार उपयोगी पडते. पुढे मोठा चरखा आहे, त्याच्या मागे जमिनीवरच्या बैठकीवर गांधीजी बसले आहेत आणि खिडकीतून प्रकाश येतो आहे. हे छायाचित्र वर्गात दाखवले की बहुतेक मुले लगेच सांगतील, गांधीजी सूत कातताहेत. कशावरून, असे विचारले की डोळे पुन्हा चित्राकडे वळतात आणि लक्षात येते की गांधीजींचा हात चरख्यावर नाही. ते कागद वाचत आहेत. चरखा आणि गांधीजी ही जोडी मनात इतकी पक्की असते की मुले मनातलेच चित्र पाहतात, समोरचे पाहत नाहीत. हा एक अनुभव घेतला की पाहणे आणि गृहीत धरणे यांतला फरक समजावायला वेगळे व्याख्यान लागत नाही. चर्चा संपल्यावर, आधी नाही, चित्रामागची हकिकत सांगावी: फोटो काढू देण्याआधी बर्क-व्हाइट यांना स्वतः चरखा चालवायला शिकण्याची अट घातली गेली होती, आणि गांधीजींना झगझगीत उजेड नको असल्याने फ्लॅशचे तीनच बल्ब वापरण्याची परवानगी मिळाली होती.

चर्चा चालू असताना फळ्यावर दोन रकाने करावेत, ‘दिसते’ आणि ‘वाटते’. एखाद्या छायाचित्रातली ‘म्हातारी बाई’ कुठे लिहायची, यावर वर्गात भांडण होते, आणि ते व्हायलाच हवे. पांढरे केस दिसतात, सुरकुत्या दिसतात, वय वाटते. ‘गरीब’ हा शब्द तर जवळजवळ नेहमीच दुसऱ्या रकान्यात जातो. ‘विचारायचे आहे’ असा तिसरा रकाना काही दिवसांनी जोडावा, कारण छायाचित्रातून कळत नाहीत अशा गोष्टींची यादी करणे हाही वाचनाचाच भाग आहे. एका तासिकेला एकच छायाचित्र पुरते. दहा फोटोंचा सरकता खेळ दाखवला की मुले पुन्हा मोबाइल चाळल्यासारखी पाहू लागतात.

छायाचित्र मोबाइलच्या पडद्यावर दाखवू नये. प्रोजेक्टर असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक गटाला ए-फोर कागदावर छापलेली एकेक प्रत द्यावी, कृष्णधवल चालते. वर्तमानपत्रातली छायाचित्रे मजकूर कापून वापरता येतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुनी, कुणालाही वापरता येतील अशी हजारो छायाचित्रे मोफत मिळतात आणि विकिमीडिया कॉमन्सवर भारतातलीही पुष्कळ आहेत.

घरातले जुने फोटो हे याहून जवळचे साहित्य. स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेल्या कुटुंबाच्या फोटोत खुर्चीवर कोण बसले आहे, उभे कोण आहे, मूल कुणाच्या मांडीवर आहे, दागिने कुणाच्या अंगावर आहेत, कुणीच का हसत नाही, या प्रश्नांतून घरातली उतरंड उलगडते. मग घरी जाऊन आजीला विचारायचे आणि वर्गातला अंदाज ताडून पाहायचा. प्रत्येक मुलाने फोटो आणावा असा आग्रह मात्र धरू नये. काही घरांत जुने फोटो नसतात आणि काही फोटो घरच्यांना दाखवायचे नसतात. पाच-सहा फोटो साऱ्या वर्गाला पुरतात.

शाळेच्या कपाटातही वाचण्याजोगे पुष्कळ असते. वह्यावाटपाचा फोटो घ्यावा. पाहुणे, मुख्याध्यापक आणि संस्थेचे पदाधिकारी एका ओळीत कॅमेऱ्याकडे पाहत उभे, वही सहा जणांच्या हातात, मागे नावांचा फलक, आणि ज्याला वही मिळते तो मुलगा बहुधा पाठमोरा किंवा फलकाच्या आड अर्धा झाकलेला. हा फोटो कुणासाठी काढला, कार्यक्रम कुणाचा दिसतो, मुलाच्या जागी उभे राहून काढला असता तर कसा आला असता? सातवीची मुले या प्रश्नांची उत्तरे अशी देतात की मोठ्यांनी पुढच्या वाटपाच्या वेळी जपून उभे राहावे.

चौकट

छायाचित्र म्हणजे जगातला एक तुकडा कापून घेणे, हे मुलांना हाताने करून कळते. जाड पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे कापावेत. ते एकमेकांवर ठेवून सरकवले की लहान-मोठी, आडवी-उभी कोणतीही चौकट तयार होते. आठवडी बाजाराच्या एकाच छापील फोटोवर ती फिरवत प्रत्येक गटाने तीन वेगळी चित्रे शोधावीत: एकात गर्दी दिसावी, एकात एकटेपणा, एकात भांडण. एकाच फोटोतून तिन्ही निघतात. वारीच्या फोटोवर हाच प्रयोग केला की कुणी पायांचा तुकडा निवडतो, कुणी पताकांचा, कुणी रस्त्याकडेला वारकऱ्यांना पाणी देणाऱ्या हाताचा. त्यानंतर पुठ्ठ्याला मधोमध आयताकृती खिडकी कापून मुलांना मैदानात पाठवावे. एक डोळा मिटून, खिडकी जवळ-लांब करत पाहायचे आणि आवडलेली चौकट वहीत काढायची. हातात कॅमेरा येण्याआधी एवढी दोन कामे झालीच पाहिजेत. ती टाळली तर पुढचे फोटो नेम न धरता मारल्यासारखे निघतात.

वरच्या वर्गांसाठी अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांच्या ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राचे उदाहरण घ्यावे. मार्च १९३६मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या छावणीत लँग यांनी एका बाईचे आणि तिच्या मुलांचे सहा-सात फोटो काढले. त्यांतला एकच जगभर गेला. बाकीचे फोटो शेजारी ठेवले की छायाचित्रकार पावलापावलाने कशी जवळ गेली आणि तंबू, सामान, मोकळे रान चौकटीबाहेर कसे गेले, ते दिसते. प्रसिद्ध फोटोत बाईच्या खांद्यावर टेकलेली दोन मुले तोंड फिरवून आहेत, त्यामुळे नजर दुसरीकडे कुठे जातच नाही. फोटोच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा होता. लँग यांनी तो पुढे पुसट करून घेतला. मूळ प्रत आणि दुरुस्त प्रत दोन्ही उपलब्ध आहेत. मुलांना अंगठा शोधायला द्यावा आणि तो पुसणे योग्य होते का, यावर दोन बाजू कराव्यात.

फोटोओळ

छायाचित्राखालची ओळ वाचकाला काय पाहायचे ते सांगते आणि तेवढेच पाहायला लावते. एक मुलगा वर्गाबाहेर पायरीवर बसला आहे, एवढाच फोटो घ्यावा. एका गटाला ‘गृहपाठ न केल्याने वर्गाबाहेर’, दुसऱ्याला ‘मधल्या सुट्टीतला निवांतपणा’, तिसऱ्याला ‘नव्या शाळेतला पहिला दिवस’ अशी ओळ देऊन त्यावर पाच वाक्ये लिहून घ्यावीत. गटांना एकमेकांच्या ओळी माहीत नसाव्यात. वाचन झाले की तीन वेगळी मुले ऐकू येतात, फोटो एकच असतो. यानंतर वर्तमानपत्रातल्या फोटोओळींत वस्तुस्थिती कुठे संपते आणि मत कुठे सुरू होते, ते पेन्सिलीने अधोरेखित करायला द्यावे. मराठीच्या तासाला हा उपक्रम बेमालूम बसतो. विशेषणे कशी काम करतात हे इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच दिसते.

कॅमेरा

कॅमेऱ्याची ओळख वर्गखोलीलाच कॅमेरा करून द्यावी. भर उन्हाच्या वेळी सगळ्या खिडक्या, झरोके काळ्या पुठ्ठ्याने बंद करावेत आणि बाहेर उजेड असलेल्या बाजूच्या एका पुठ्ठ्याला साधारण एक सेंटिमीटरचे भोक पाडावे. पाच-दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर मैदान, झाडे आणि चालणारी माणसे उलटी दिसू लागतात. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे विज्ञानाच्या पुस्तकातले वाक्य भिंतीवर उतरते. भोक मोठे केले की चित्र उजळते पण पुसट होते. कॅमेऱ्यात भिंतीच्या जागी संवेदक असतो आणि भोकाच्या जागी भिंग. कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५मध्ये बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत आणि त्या चित्रात जेमतेम दहा हजार ठिपके असत. मुलांना ही गोष्ट आवडते, आणि मेगापिक्सेलची बढाई मारणाऱ्यांना थोडी वेसणही बसते.

उपकरणासाठी अडून बसण्याचे कारण नाही. शाळेचा टॅब, शिक्षकांचे दोन जुने मोबाइल, कुणाच्या घरी पडून असलेला छोटा डिजिटल कॅमेरा, एवढ्यावर काम चालते. मुलांचे स्वतःचे फोन मागवू नयेत. ज्यांच्याकडे नाही ती मुले मागे पडतात आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्या फोनमधले इतर सगळेच वर्गात येते. चाळीसच्या वर्गात पाच-पाच जणांचे आठ गट करून चार गट कॅमेऱ्यासह बाहेर आणि चार गट वर्गात छापील छायाचित्रांवर, अशी पाळी लावावी. गटात फोटो काढणारा एक, जागा-वेळ-दिशा यांची नोंद करणारा एक, लोकांशी बोलून परवानगी घेणारा एक, आणि उरलेल्या दोघांनी काय काढायचे ते ठरवायचे. दर वेळी कामे बदलावीत. नाहीतर कॅमेरा एकाच हातात राहतो, आणि तो हात बहुधा मुलाचा असतो, मुलीचा नसतो.

तांत्रिक गोष्टी चार-पाचच सांगाव्यात. भिंग रुमालाने पुसावे. फोन दोन्ही हातांनी धरून कोपर अंगाला टेकवावे. बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे, कारण मोबाइलचा डिजिटल झूम चित्र फक्त कापतो. प्रकाश कुठून येतो ते आधी पाहावे. दुपारी बाराच्या उन्हात चेहऱ्यांवर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, व्हरांड्यात किंवा सकाळी तेच चेहरे मऊ दिसतात. उभे, बसून, पायरीवरून असे तीन उंचींवरून काढून पाहावे. मुख्याध्यापकांना जमिनीजवळून आणि गच्चीवरून काढले की उंचीचा अर्थ सगळ्यांना कळतो, मुख्याध्यापकांनाही. चौकटीचे आडवे-उभे तीन भाग कल्पून विषय मांडण्याचा तृतीयांशाचा नियम वगैरे पुढे केव्हातरी.

सगळ्यात उपयोगी नियम संख्येचा. जुन्या रोलमध्ये ३६ फोटो निघत, म्हणून माणूस विचार करून बटण दाबत असे. प्रत्येक गटाला एका फेरीत दहाच फोटो द्यावेत आणि एकही पुसू देऊ नये. फसलेला फोटो का फसला, हे सांगण्यासाठी तो लागतो.

अंध आणि अल्पदृष्टी मुलांना यातून वगळू नये. मुंबईत पार्थो भौमिक यांच्या ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ या उपक्रमातून २००६पासून दृष्टिहीन व्यक्ती छायाचित्रण शिकत आल्या आहेत. आवाज, स्पर्श, उन्हाची ऊब आणि सोबत्याने केलेले वर्णन यांवर त्या चौकट ठरवतात. वर्णन करणाऱ्या डोळस सोबत्याचेही पाहणे त्यातून तासले जाते.

काय काढायचे

‘निसर्ग’ किंवा ‘माझी शाळा’ असा मोघम विषय दिला की मोघमच फोटो येतात. काम अडचणीचे द्यावे. घड्याळ न दाखवता वेळ दाखवा. माणूस न दाखवता माणूस नुकताच इथून गेला हे दाखवा. एकच तांब्या दहा प्रकारे काढा. आवाज दाखवा. अशा कामांत हुशार-ढ ही वर्गातली नेहमीची रांग बरीच विस्कटते.

अमेरिकी छायाचित्रकार वेंडी इवॉल्ड यांनी मुलांच्या हाती कॅमेरा देऊन लेखन आणि छायाचित्रण एकत्र शिकवण्याची पद्धत अनेक वर्षे राबवली. १९७०च्या दशकात केंटकीच्या डोंगराळ भागातल्या मुलांबरोबर त्यांनी काम केले; पुढे गुजरातमधल्या विचिया या खेड्यातल्या मुलांबरोबरही त्यांनी काम केले. मी, माझे कुटुंब, माझी वस्ती आणि माझी स्वप्ने हे त्यांचे ठरलेले विषय. मुले आधी लिहितात, त्या लिखाणातून फोटो ठरवतात, फोटो काढून आल्यावर पुन्हा लिहितात. स्वप्नाचा फोटो काढायचा तर ते उभे करावे लागते, म्हणजे छायाचित्र रचता येते हे मुलांना आपोआप कळते. मराठी शाळांना ही पद्धत जशीच्या तशी घेता येईल. निबंधाच्या वहीत ‘माझे स्वप्न’ दरवर्षी असतेच.

इतर विषयांत छायाचित्र पुरावा म्हणून येते. शाळेजवळच्या एका वडाचा किंवा विहिरीच्या पाण्याचा फोटो जूनपासून मार्चपर्यंत दर सोमवारी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून काढावा; उभे राहण्याची जागा विटेने पक्की करावी. वर्षाखेर ते फोटो ओळीने लावले की पर्यावरणाचा प्रकल्प वेगळा लिहावा लागत नाही. गावातल्या वेशीचा किंवा वाड्याचा जुना फोटो मिळाला तर तो काढणारा जिथे उभा होता ती जागा शोधून नवा फोटो काढावा. जागा शोधण्यातच निम्मा इतिहास समजतो. भूमितीत कोन, समांतर रेषा, रांगोळीतली सममिती. भूगोलात ध्वजस्तंभाची सावली तासातासाला. सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस साऱ्या महाराष्ट्रात वर्षातून दोनदा येतो, पण मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी ढग. तो फोटो मुलांना घरचा अभ्यास म्हणून द्यावा लागतो.

निवड आणि मांडणी

फेरीनंतर दहांपैकी तीन फोटो निवडणे हे गटाचे काम. शिक्षकाने निवडू नये. प्रत्येक निवडीला कारण लिहायचे, आणि ‘छान आला म्हणून’ हे कारण धरायचे नाही. निवडलेल्या तीन फोटोंचा क्रम बदलून पाहावा: रिकामा बाक, पळणारी मुले, बंद फाटक हे तीन फोटो एका क्रमाने शाळा सुटल्याची गोष्ट सांगतात, उलट्या क्रमाने शाळा भरल्याची. दर आठवड्याला चार-पाच फोटो छापून व्हरांड्यात दोरीला चिमट्यांनी अडकवावेत. फाइलला तारीख, गट आणि जागा असे नाव त्याच दिवशी द्यावे. नाहीतर महिन्याभराने शेकडो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावांनी पडलेले असतात आणि मग तिकडे कुणी फिरकत नाही.

खरे, खोटे आणि रचलेले

उजेड वाढवणे, कडा कापणे, एखादी वस्तू पुसणे आणि नसलेली वस्तू घालणे या फोटोत बदल करण्याच्या चार पायऱ्या आहेत. बातमीसाठी पहिल्या दोन सहसा चालतात, पुढच्या दोन चालत नाहीत. जाहिरातीत चारही चालतात. मोबाइलवरच्या साध्या संपादकात मुलांनी एकाच फोटोवर या पायऱ्या क्रमाने करून पाहाव्यात आणि फसवणूक नेमकी कुठे सुरू होते ते ठरवावे.

खोटेपणासाठी संगणक लागतोच असे नाही. १९१७मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंगली गावात एल्सी राइट आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स या मुलींनी कागदाच्या कापलेल्या पऱ्या उभ्या करून फोटो काढले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांचाही त्यांवर विश्वास बसला. पऱ्या कागदाच्या होत्या हे दोघींनी १९८३मध्ये, म्हातारपणी, कबूल केले. कागदी पऱ्यांच्या जागी कागदी बिबट्या घेऊन मुलांना शाळेच्या कुंपणाशी हा प्रयोग करू द्यावा. फोटो वर्गाबाहेर जाणार नाही एवढे मात्र पाहावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत वनखात्याचा फोन येईल.

भारतातले चांगले उदाहरण दिवाळीचे आहे. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत म्हणून रंगीबेरंगी झगमगता नकाशा दरवर्षी फिरतो. मूळ चित्र अमेरिकेच्या नोआ या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३मध्ये तयार केले होते. वेगवेगळ्या वर्षांतल्या रात्रीच्या दिव्यांना वेगळे रंग देऊन वस्ती कशी वाढली हे त्यात दाखवले होते. दिवाळीशी त्याचा संबंध नव्हता. नासाने १२ नोव्हेंबर २०१२च्या रात्रीचे खरे उपग्रहचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा दिवाळीचे दिवस असूनही देश नेहमीच्या रात्रीसारखाच दिसत होता. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलांना विचारावे: पणतीचा उजेड किती, रस्त्यावरच्या दिव्यांचा किती, आणि दिवे हिरवे-निळे का दिसतील?

पडताळणीचे चार प्रश्न भिंतीवर लावून ठेवावेत. हा फोटो कुणी काढला? केव्हा, कुठे? आधी कुठे छापून आला होता? फोटोओळीतले कोणते शब्द फोटोत दिसतात? तिसऱ्या प्रश्नासाठी गूगल लेन्सने मूळ चित्र शोधण्याची सवय लावावी. छायाचित्रणाचा शोध १८३९मध्ये जाहीर झाला, त्यामुळे त्याआधी वारलेल्या कुणाचाही ‘दुर्मीळ फोटो’ हा फोटो असू शकत नाही. एवढ्या एका वर्षाने घरच्या ग्रुपवरचे बरेच संदेश निकालात निघतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे ओळखताना बोटे मोजण्यासारख्या युक्त्या आता पुरत नाहीत, कारण ही साधने झपाट्याने सुधारत आहेत. डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा चित्राचा उगम विचारणे भरवशाचे.

संमती

दुसऱ्याचा फोटो काढण्याआधी विचारावे आणि नकार मिळाला तर कारण विचारू नये, हा नियम पहिल्याच फेरीआधी सांगावा. ‘मायग्रंट मदर’मधल्या बाईंचे नाव फ्लोरेन्स ओवेन्स टॉम्पसन. ते जगाला कळले १९७८मध्ये, म्हणजे फोटोनंतर चार दशकांनी, आणि या फोटोबद्दल त्या समाधानी नव्हत्या; त्यातून आपल्याला काही मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांना हे सांगावे. आजारी, झोपलेल्या, अंघोळ करणाऱ्या किंवा रडणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही, हेही स्पष्ट सांगावे. लहान मुलांना ते आपोआप सुचत नाही आणि मोठ्यांनाही सुचते असे दिसत नाही.

मुलांच्या स्वतःच्या फोटोंबाबत शाळेने अधिक कडक असावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून मराठीत लिहिलेली लेखी संमती घ्यावी: वर्गातच दाखवायचे, शाळेच्या भिंतीवर लावायचे की बाहेर प्रसिद्ध करायचे, अशा तीन वेगळ्या खुणांसह. उपक्रमाआधी फोनमधली ठिकाण नोंदवण्याची सोय बंद करावी, कारण प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि बऱ्याचदा जागाही दडलेली असते. फोटो शिक्षकाच्या खासगी फोनवर राहू नयेत. त्याच दिवशी शाळेच्या संगणकावर उतरवून फोनमधून काढावेत. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो प्रसिद्ध झाला असेच समजावे.

मूल्यमापन

सुंदर फोटोला गुण देऊ नयेत. चांगला फोन, घराजवळची टेकडी आणि नशीब यांना गुण मिळतील. पहिल्या आठवड्यात आणि सत्राच्या शेवटी एकच अनोळखी छायाचित्र देऊन ‘दिसते’ आणि ‘वाटते’ हे रकाने भरून घ्यावेत आणि दोन कागद शेजारी ठेवावेत. दुसऱ्या कागदावर पहिला रकाना लांबलेला आणि दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘कारण’ आलेले असेल, तर शिकणे झाले आहे. सोबत निवडीची लेखी कारणे, नोंद ठेवणाऱ्याची वही आणि फोटोओळी पाहाव्यात. फोटोओळीत न दिसणारी गोष्ट ठामपणे लिहिली असेल तर गुण कापावेत, फोटो कितीही देखणा असो. हे काम आकारिक मूल्यमापनात उपक्रम किंवा प्रकल्प म्हणून नोंदवता येते; भाषा, परिसर अभ्यास, विज्ञान किंवा कला यांपैकी ज्या विषयाखाली घेतले असेल त्या विषयाच्या रकान्यात ते बसते आणि त्यासाठी वेगळ्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.